घड्याळ बरोबर, फोन बंद : पर्वरीतल्या एका कार्यालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या पर्वरीत हमरस्त्यापासून जरा आत, दुसऱ्या मजल्यावर चौदा माणसांचं एक कार्यालय आहे. ब्रिटनमधल्या काही दातांच्या दवाखान्यांचे फोन इथे उचलले जातात. अपॉइंटमेंट द्यायची, बदलायची, आदल्या दिवशी आठवण करून द्यायची, एवढंच काम. दवाखाने लंडनच्या वेळेने सकाळी आठ ते संध्याकाळी पाच उघडे. मी तिथे नोकरीला नाही. फोंड्याहून महिन्यातून एक-दोनदा जाऊन सर्व्हर बघून येतो आणि अडलं की फोनवर असतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक घटनाक्रम जसा घडला तसाच ठेवला आहे.

ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. दोन्ही बदल यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या रात्री एक वाजता होतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहाला. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. त्यामुळे कार्यालयाची ड्यूटी उन्हाळ्यात साडेबारा ते साडेनऊ आणि हिवाळ्यात दीड ते साडेदहा. भारतातलं घड्याळ जागचं हलत नाही, म्हणून हा तास आपल्याला कळतो तो टॅक्सीच्या वेळेवरून आणि रात्रीच्या जेवणावरून.

यंत्रं दोन महत्त्वाची. एक लिनक्स सर्व्हर, त्यावर ॲस्टरिस्क हे टेलिफोन एक्सचेंज आणि कर्मचाऱ्यांची अंगठ्याची हजेरी. त्याचा वेळविभाग भारताचा, म्हणजे एशिया/कोलकाता. दुसरं विंडोजचं यंत्र, त्यावर रुग्णांना आठवणीचे एसएमएस पाठवणारा घरगुती प्रोग्राम. त्याचा वेळविभाग लंडन. असं का, हे कोणी ठरवलं नव्हतं. ज्याने ज्या दिवशी जे बसवलं तसं ते राहिलं.

लायनी उघडणं-बंद करणं क्रॉनकडे, म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेली आज्ञा चालवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामकडे होतं. साडेबाराला एक ओळ चालायची आणि एक्सचेंजला सांगायची, ‘उघडं’. साडेनऊला दुसरी, ‘बंद’. आधीचा सिस्टिमवाला वर्षातून दोनदा, त्या रविवारी संध्याकाळी, या दोन ओळी हाताने बदलायचा. ऑक्टोबर २०२३ला बदलल्या, मार्च २०२४ला बदलल्या. जूनमध्ये तो नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या मुलाला पासवर्डची वही मिळाली; त्या रविवारची गोष्ट वहीत नव्हती.

काय घडलं

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार. दिवाळी चार दिवसांवर होती आणि वाड्यावाड्यांवर नरकासुराच्या सांगाड्याला कागद चिकटवणं चालू होतं. सकाळी साडेसहाला लंडन तासभर मागे गेलं. त्या दिवशी दिसला तो एकच परिणाम : सोमवारच्या रुग्णांना आठवणीचा एसएमएस दोनदा गेला. कोणी तक्रार केली नाही.

सोमवारी ताईंनी (टीम लीडरना सगळे ताईच म्हणतात) सवयीप्रमाणे सगळ्यांना दीडला बोलावलं. त्यांना तारीख पाठ होती. क्रॉनला नव्हती. लायनी साडेबारालाच उघडल्या, तेव्हा लंडनमध्ये सकाळचे सात. रात्री साडेनऊला बंद झाल्या, तेव्हा तिथे दुपारचे चार. पुढचा तासभर चौदा माणसं हेडफोन लावून बसली होती आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला ‘दवाखाना बंद आहे’ ही ध्वनिफीत ऐकू येत होती. इथे कोणाला शंका आली नाही. शांत सोमवार आणि मेलेली लाइन खुर्चीत बसून सारखीच वाटते.

एक खूण मिळाली होती. एका मुलीची मावशी इंग्लंडमध्ये स्विंडनला असते. तिथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे. सोमवारी रात्री मावशीने व्हॉट्सॲपवर विचारलं, ‘तुमचे फोन का गो लागत नाहीत?’ मुलीला वाटलं मावशीचा नंबर चुकला असेल.

मंगळवारी पुन्हा तेच. रात्री पावणेदहाला ग्राहक कंपनीची मेल आली : चारनंतर तुमच्या लायनी बंद लागतात, कालही तसंच झालं. मुलाने ड्यूटी संपेपर्यंत दम धरला, मग सर्व्हरचा वेळविभाग युरोप/लंडन केला आणि क्रॉनच्या ओळी आठ आणि पाचच्या केल्या. आता दरवर्षी हात लावायला नको, असा त्याचा हिशेब. तत्त्वतः तो बरोबरच होता. त्याने तारीख-वेळ छापून पाहिली, लंडनची वेळ आली, दिवा मालवून घरी गेला.

बुधवारी दीडला माणसं आली तेव्हा लायनी उघड्या होत्या, फोन धडाधड येत होते. संध्याकाळी पाच वाजता, लंडनच्या भर साडेअकराला, सगळ्या लायनी एकदम पडल्या. मी फोंड्याच्या बाजारात कारिटं घेत होतो. मुलाचा फोन आला : ‘दादा, घड्याळ बरोबर दाखवतंय आणि लायनी बंद झाल्यात.’

मुळाशी काय होतं

या एका वाक्यातच निदान होतं, पण मला ते अर्ध्या तासाने कळलं.

लिनक्सच्या गाभ्याला उन्हाळी वेळ ठाऊकच नसते. तो १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद यूटीसीने मोजतो, बस्स. लंडनमध्ये घड्याळ मागे गेलं तरी ती मोजणी अडखळत नाही. ‘आता किती वाजले’ हे उत्तर प्रत्येक प्रोग्राम स्वतः काढतो : सेकंद घेतो, इटीसी/लोकलटाइम ही फाइल बघतो आणि त्यातल्या नियमाने तास बेरीज-वजाबाकी करतो. ती फाइल टीझेड डेटाबेस या जगभरच्या वेळनियमांच्या संग्रहातून येते. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेला हा संग्रह २०११पासून आयाना या इंटरनेटचे क्रमांक आणि नावं सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आहे. जगातल्या सरकारांनी घड्याळाशी केलेले खेळ त्यात ओळीओळीने नोंदलेले आहेत. एशिया/कोलकाता उघडलंत तर आपल्याकडेही युद्धकाळात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, घड्याळ तासभर पुढे होतं हे दिसतं. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता; पण १९७० नंतर ज्यांची घड्याळं सारखी चालली त्यांना एकच विभाग पुरतो असा या संग्रहाचा शिरस्ता, म्हणून गोव्याची वेगळी नोंद नाही.

मुद्दा असा की बराच वेळ चालू असलेला प्रोग्राम ती फाइल सुरुवातीला वाचतो आणि तीच धरून बसतो. क्रॉन कित्येक महिने चालू होता. मुलाने वेळविभाग बदलला तरी क्रॉनच्या डोक्यात गोवाच होता. ओळी मात्र क्रॉन लगेच नव्याने वाचतो. म्हणजे नव्या ओळी, जुना वेळविभाग. ‘आठ’ म्हणजे गोव्यातले सकाळचे आठ, तेव्हा लायनी उघडल्या आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. ‘पाच’ म्हणजे गोव्यातले संध्याकाळचे पाच.

उलट हजेरीचा प्रोग्राम प्रत्येक अंगठ्याला नव्याने सुरू होतो, त्यामुळे त्याने नवा वेळविभाग उचलला. दीडला आलेली चौदा माणसं नोंदीत सकाळी आठला आलेली दिसत होती. एका यंत्रात, एकाच क्षणी, क्रॉन पर्वरीत आणि हजेरी लंडनमध्ये. मुलाने चालवलेली तारखेची आज्ञा हाही नवाच प्रोग्राम, म्हणून तिने बरोबर उत्तर दिलं. तिची साक्ष फक्त तिच्यापुरती होती.

एसएमएस दोनदा जाण्याचं कारण वेगळं. विंडोजवरचा तो प्रोग्राम दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचा आणि रात्रीचे दीड वाजून गेलेले असले, पण एक-चाळीस झाले नसले, की दुसऱ्या दिवसाची यादी बनवायचा. घड्याळ दोनवरून एकवर येतं त्या रात्री दीड दोनदा वाजतात. यादी दोनदा बनली. मग साहजिकच प्रश्न आला, मार्चमध्ये दीड वाजतच नाहीत, तेव्हा काय झालं? जुने लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदी, काढले. ३१ मार्च २०२४ला यादी बनलीच नव्हती. कोणाला कळलं नाही, कारण त्या दिवशी ईस्टरचा रविवार होता आणि सोमवारी ब्रिटनमध्ये सुटी. बनवायला यादीच नव्हती. सात महिने हा दोष एका सणाच्या आड लपून बसला होता.

ताईंच्या टेबलावरही एक गंमत सापडली. त्यांनी विंडोजच्या टास्कबारमध्ये लंडनसाठी जादा घड्याळ लावलं होतं, पण निवडलं होतं ‘मोनरोव्हिया, रेक्याविक’. तिथे बारा महिने यूटीसीच. विंडोजच्या आत या विभागाचं नाव ‘ग्रीनिच स्टँडर्ड टाइम’ आणि लंडनच्या विभागाचं ‘जीएमटी स्टँडर्ड टाइम’. दुसऱ्याला उन्हाळी वेळ आहे, पहिल्याला नाही. नावावरून हे ओळखणारा मला अजून भेटलेला नाही. उन्हाळ्यात ते घड्याळ तासभर मागे पडायचं, म्हणून ताईंनी स्क्रीनला चिठ्ठी लावली होती : ‘+१’. ऑक्टोबरात घड्याळ आपोआप बरोबर झालं आणि चिठ्ठी चुकीची. सोमवारी चारला लायनी बंद झाल्या तेव्हा चिठ्ठीच्या हिशेबाने पाच वाजले होते, त्यामुळे फोन थांबलेले बघून ताईंनाही वावगं वाटलं नाही. माणसांना दीडला बोलावलं, कारण तारीख पाठ होती. पण घड्याळाकडे पाहिलं ते चिठ्ठीतून.

कोणते पर्याय होते

बुधवारी संध्याकाळी समोर दोन वाटा होत्या. मुलगा म्हणाला, ‘दादा, नुसता क्रॉन रीस्टार्ट केला तर?’ तांत्रिकदृष्ट्या ते पुरेसं होतं. एका आज्ञेत लायनी लंडनच्या वेळेवर आल्या असत्या. मी नको म्हटलं. मंगळवार रात्रीपासून कोणकोणते प्रोग्राम पुन्हा सुरू झालेत आणि कोण कुठल्या वेळेत जगतोय हे मला माहीत नव्हतं, आणि महिन्याचा पगार दुसऱ्या दिवशी त्याच हजेरीवरून निघायचा होता. आधी सगळं सोमवारच्या स्थितीला नेऊ, मग विचार करू, असं ठरवलं. हा निर्णय बरोबर होता का याबद्दल माझं मन अजून द्विधा आहे. त्यात चाळीस मिनिटं गेली आणि तेवढा वेळ रुग्ण ‘बंद’ ऐकत राहिले. लायनी हाताने उघडून मग ही चर्चा करायला हवी होती. तो क्रम माझा चुकला.

कायमच्या उपायावर दिवाळीनंतर बसलो. मालकांचं मत : कॅलेंडरवर दोन तारखा लाल करा, हाताने बदला, इतकी वर्षं चाललंच ना. खर्च शून्य. पण हे एका माणसाच्या लक्षात राहण्यावर उभं होतं आणि तो माणूस जूनमध्येच गेला होता. मुलाचा आग्रह सगळा सर्व्हर लंडनवर न्यायचा. मग हजेरी, पगार, टॅक्सीची यादी, सगळंच लंडनच्या वेळेत. शिवाय दर ऑक्टोबरात लॉगमध्ये एक तास दोनदा येणार आणि १:२० ची नोंद पहिल्या तासातली की दुसऱ्या, हे सांगता येणार नाही.

तिसरी वाट, सर्व्हर यूटीसीवर ठेवायचा आणि प्रत्येक कामाला विचारायचं की तुझी वेळ कोणाच्या मालकीची? दवाखाना लंडनच्या वेळेचा. पगार गोव्याच्या वेळेचा. लॉग कोणाच्याच नव्हेत, म्हणून यूटीसी. हे पटलं. अडचण अशी की आमच्या सर्व्हरवरच्या क्रॉनला ओळीगणिक वेळविभाग सांगता येत नव्हता. जुनी युक्ती आहे : यूटीसीच्या सात आणि आठ दोन्ही वाजता काम सुरू करायचं आणि कामानेच आधी बघायचं, लंडनमध्ये आठ वाजलेत का, नसतील तर गप्प परत. चालते, पण वर्षभराने वाचणाऱ्याला वेड्यासारखी दिसते. सिस्टिमडी या लिनक्समधल्या दुसऱ्या व्यवस्थेच्या टायमरमध्ये वेळेनंतर युरोप/लंडन लिहिता येतं, ते त्याहून सरळ.

मग मुलानेच एक प्रश्न विचारला आणि चर्चा उलटी फिरली. ‘लायनी उघडायच्या-बंद करायच्या कशाला? फोन आला की त्या क्षणी बघू ना वाजले किती.’ ॲस्टरिस्कमध्ये ही सोय मुळातच आहे : आलेला कॉल अमुक वार, अमुक वेळेत बसतो का हे तपासणारी अट, आणि त्या अटीला वेळविभागही देता येतो. क्रॉनचं ‘बंद’ एकदा चुकीच्या वेळी झालं की पुढच्या ‘उघडं’पर्यंत सगळं तसंच राहतं. अट मात्र प्रत्येक कॉलला नव्याने विचारली जाते. चुकली तरी चूक त्या कॉलपुरती. एक्सचेंज बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी हे वापरलं असतं तर हे प्रकरण लिहायला काही उरलं नसतं.

काय केलं

बुधवारी : वेळविभाग परत एशिया/कोलकाता, क्रॉनच्या ओळी दीड आणि साडेदहाच्या, लायनी हाताने उघडल्या. सहा वाजून पाच मिनिटांनी पहिला फोन वाजला. रात्री ड्यूटी संपल्यावर सर्व्हर रीबूट केला, म्हणजे लंडनच्या वेळेत अडकलेला एखादा प्रोग्राम असला तर सुटेल. हजेरीच्या चौदा नोंदी ताईंनी वहीवरून हाताने दुरुस्त केल्या. त्या रात्री मुलगा नरकासुराकडे पोचला तेव्हा पहाट व्हायला आली होती आणि जाळायची वेळ झाली होती.

नोव्हेंबरात सर्व्हर यूटीसीवर गेला. फोन उचलायचे की नाही हे युरोप/लंडनच्या अटीवर आलं, ब्रिटनच्या सुट्यांची यादी त्यालाच जोडली. रोजचा अहवाल सिस्टिमडीच्या टायमरवर. हजेरी यूटीसीत साठते आणि पडद्यावर गोव्याच्या वेळेत दिसते. एसएमएसची यादी लंडनच्या पहाटे साडेचारला हलवली, कारण ही वेळ कधी दोनदा येत नाही आणि कधी नाहीशीही होत नाही. शिवाय ‘या तारखेची यादी झाली’ अशी खूण ठेवली. खूण असली की दुसऱ्यांदा बनत नाही, सकाळी सहापर्यंत नसली तर ताईंना निरोप जातो. दवाखाने उघडे असताना वीस मिनिटं एकही फोन आला नाही तर एक यंत्रच आमच्या नंबरवर फोन करून बघतं. ताईंची चिठ्ठी काढली, घड्याळ बदललं.

सर्वांत जास्त वेळ गेला तो वेळनियमांच्या प्रती शोधण्यात. ऑपरेटिंग सिस्टिमची एक प्रत असते, जावाची स्वतःची वेगळी, डेटाबेसची आणखी वेगळी. एक अद्ययावत केली की बाकीच्या होतात असं नाही. ब्रिटनचे नियम स्थिर आहेत म्हणून हे चालून जातं. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने बदलाला जेमतेम काही दिवस उरले असताना तो पुढे ढकलला, मग निर्णय फिरवला, आणि मधले दिवस देशात दोन वेळा चालू होत्या. तिथल्या सिस्टिमवाल्यांची दिवाळी कशी गेली असेल ते देव जाणे.

चाचणीसाठी मार्चची वाट पाहिली नाही. एका आभासी यंत्रावर (सॉफ्टवेअरने बनवलेल्या संगणकावर) वेळेचं नेटवर्क-जुळवणं बंद केलं (नाहीतर घड्याळ लगेच जागेवर येतं), तारीख ३० मार्च २०२५, यूटीसी ००:५५ केली आणि खुर्ची ओढून बसलो. पाच मिनिटांनी लंडनचं घड्याळ एकवरून थेट दोनवर गेलं. मग तारीख पुढे नेत सोमवारी सकाळपर्यंत आलो आणि खोटे कॉल टाकून पाहिले : सात एकोणसाठला ‘बंद’, आठला घंटी.

काय वेगळं करता आलं असतं

जूनमध्ये आधीचा मुलगा गेला तेव्हा मी हजर होतो. मी पासवर्ड मागितले, वर्षातून दोनदाच करायची कामं कोणती हे विचारलं नाही. रोजचं काम दुसऱ्याच दिवशी बोंब मारतं; सहा महिन्यांतून एकदा येणारं काम हस्तांतराच्या वेळी कोणाच्याच डोळ्यांपुढे नसतं.

मंगळवारी रात्री मुलाने मला फोन करायला हवा होता असं मालक म्हणाले. मला ते फारसं पटत नाही. त्याने बदल केला, तपासलाही. तपासायची जागा चुकली. क्रॉनच्या लॉगमध्ये पुढचं काम कुठल्या वेळी नोंदलं जातं हे पाहिलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं, पण हे त्याला सांगणारं कोण होतं? मावशीचा निरोप मात्र वर जायला हवा होता. आता तसा निरोप कुठे टाकायचा हे भिंतीवर लिहिलं आहे.

परिणाम

सोमवार-मंगळवारचे दोन तास आणि बुधवारचा तासभर, एवढे फोन गेले. ग्राहकाने त्या महिन्याच्या बिलातून रक्कम कापली, करार टिकला.

३० मार्च २०२५ला गुढीपाडवा होता आणि तोही रविवार. सकाळी साडेसहाला, लंडन पुढे जायच्या वेळी, मी गुढीची काठी पुसत होतो आणि फोन खिशात होता. निरोप आला नाही. पहाटेची एसएमएसची यादी, एकदाच. सोमवारी साडेबाराला मुलाने मला पहिल्या कॉलची नोंद पाठवली : लंडन ०८:०१. रात्री साडेनऊला अट आपोआप ‘बंद’ म्हणाली, सगळ्यांनी हेडफोन काढले, खाली उतरले.

टॅक्सी साडेदहाला आली. ड्रायव्हरला कोणी सांगितलं नव्हतं.